डोळ्यातला उजेड

कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी १९८० मध्ये अभयारण्य झालं ते काळविटांसाठी. पण नगरच्या अशा माळांवर धाविकही पाहावा. त्याचा काळा डोळा काळ्याच पट्ट्यात बसलेला. उभ्यानं फोटो काढला तर नुसती पाठ आणि माती येते. म्हणून पोटावर झोपा, कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीला आणा, सकाळचं ऊन पाठीशी घ्या. डोळ्यात उजेडाचा ठिपका उमटला नाही, तर महागडी लेन्सही फुकट!

मात्र उन्हाळ्यात धाविक, टिटव्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंडी गार ठेवते. आपण जवळ ठाण मांडलं, की ती उठते अन् अंडी उन्हात तापतात. घरट्यावरचा फोटो मी तरी चांगल्यात धरत नाही. टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, की कॅमेरा पिशवीत टाकावा आणि आल्या वाटेनं, खाली बघत, परतावं.