न्यायासन आणि डोंगरकडा

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं अतिवृष्टींत खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं आले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. दरडप्रवण गांवांच्या सरकारी यादींत त्या वाडीचें नांव नव्हतें.

पृथ्वी तापते, तसतशी अशी अतिवृष्टि वाढते. २१ मार्च २०२४ रोजीं माळढोक पक्ष्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या १४ व २१ या कलमांतून निघणारा नागरिकाचा हक्क होय. हक्क मोठा खरा; परंतु त्यासाठीं कोणी तरी दाद मागावी लागते. कर्जत-खालापूरच्या कड्यांखालील ठाकर-कातकऱ्यांस न्यायालयाची पायरी दूर आहे. म्हणून यादी अचूक करणें हें सरकारचें, आणि ती तशी झाली काय, हें विचारणें सुशिक्षित नगरवासीयांचें कर्तव्य ठरतें.