शस्त्रक्रियेनंतरचे ताट

(बऱ्हाणपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, कारण तो माझ्या घरातला आहे. माझ्या थोरल्या बंधूंनी वजन घटविण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करवून घेतली, त्यास अकरा महिने झाले.

जठराचा मार्ग वळवून वजन घटविण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली प्रथम केली. आपल्याकडे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली वजनासाठी शस्त्रक्रिया करवून घेतल्याचे सर्वश्रुत आहे. बंधूंच्या बाबतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्यात आली. भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे त्या काढलेल्या भागातच तयार होते. त्यामुळे पहिले काही महिने भूक फारशी लागत नाही, वजन झपाट्याने उतरते आणि घरच्यांना वाटते, काम फत्ते झाले.

खरी कसोटी पुढेच असते. काही महिन्यांनी भूक परतू लागते, जठरही किंचित सैलावते. बंधूंना अर्धी भाकरी संपत नसे. मात्र वर्तमानपत्र वाचता वाचता आपल्या बऱ्हाणपुरी केळीच्या वेफरची पुडी सहज रिकामी होई. नवव्या महिन्यात वजनाचा काटा थबकला, तेव्हा डॉक्टरांनी उलगडा केला. डाळ, उसळ, भाकरी नळीत काही काळ थांबतात व पोट भरल्याची खूण देतात. वेफर तोंडातच विरघळून सरसर खाली उतरतात, खूण मिळतच नाही. दिवसातून पाच वेळा घेतलेल्या गोड चहाचेही तेच.

आता त्यांच्या ताटात प्रथम घट्ट वरण, मुगाची उसळ, पनीर किंवा अंडे, मग भाजी, भाकरी शेवटी. प्रथिने दिवसाला ६० ते ८० ग्रॅम पोटात जावीत, असे त्यांना सांगण्यात आले आहे. जेवताना पाणी नाही. ते अर्ध्या तासाने. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या आहेत. बरे वाटते म्हणून त्या सोडणाऱ्यांना पुढे रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून ठरल्या वेळी रक्ततपासणीही हवी.

आणखी एक गोष्ट यजमानांसाठी. आठव्या महिन्यात एका लग्नात बंधूंच्या पानात आग्रहाने दोन मावा जिलब्या पडल्या. पाव तासात त्यांना घाम फुटला, छाती धडधडू लागली. मांडवातच आडवे करावे लागले. हृदयविकार समजून सारे घाबरले. वास्तविक एवढी साखर एकदम आतड्यात उतरल्याचा तो परिणाम होता. बिचारे यजमान आजही खजील होतात. पंगतीतील आग्रह मला स्वतःला प्रिय आहे. त्यावाचून जेवण कोरडे वाटते. परंतु ज्याचे जठर वाटीएवढे उरले, त्याच्या पानावर हात आखडता घेणे हीच माया होय. शिक्षक व कार्यालयातील सहकाऱ्यांनीही अशा माणसास “एवढेच?” असे विचारू नये.

आमच्या घरी वेफरची पुडी आता येत नाही, पाहुण्यांसाठीही नाही. पुतण्यांची त्याबद्दल थोडी कुरकुर चालू आहे.