उरुळीची कांडी आणि आमची चांदी

(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलले तसेच छापले आहे. मध्ये मध्ये आलेले वर्गमित्रांचे शेरे संपादकांनी गाळले आहेत.)



मला सांगितलं होतं, पाच मिनिटं बोल आणि ‘माझी नोकरी’ या विषयावर बोल. आता जनावरांच्या दवाखान्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या नोकरीतल्या निम्म्या गोष्टी जेवणाआधी सांगता येत नाहीत. म्हणून विषय थोडा बदलतो. वेळही थोडा जास्त घेणार आहे, हे आत्ताच कबूल करतो. आज आणखीही एक गोष्ट कबूल करायची आहे, पण ती नंतर.

गेल्या वर्षी मुलीकडे कॅनडात गेलो होतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात प्रिन्स जॉर्ज नावाचं गाव आहे, तिथं ती असते. मला घरात बसवेना, म्हणून जावयांनी एक पुस्तक आणून दिलं, ‘ग्रास बियॉन्ड द माउंटन्स’. रिच हॉबसन नावाच्या माणसानं लिहिलेलं, १९५१ सालचं. हा हॉबसन आणि त्याचा मित्र पॅन फिलिप्स, दोघे अमेरिकन. मंदीत सगळं बुडाल्यावर १९३४ मध्ये हे दोघं त्या उत्तरेच्या रानात गेले. डोंगरापलीकडे भरपूर गवत आहे अशी नुसती ऐकीव माहिती. तेवढ्यावर तिथं गुरं नेली, लाकडाच्या झोपड्या बांधल्या, उन्हाळ्यात गवत कापून गंज्या रचल्या आणि हिवाळ्यात बर्फावरून ओढगाडीनं तेच गवत गुरांपुढं टाकलं. विकायची गुरं शेकडो किलोमीटर हाकत न्यायची. (त्या रानात कोणी नव्हतं असं वाटेल, पण तिथले मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहत होते. पुस्तकं ‘निर्मनुष्य’ म्हणतात तेव्हा मी जरा जपून वाचतो.)

पुस्तक वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आपण पाहिलंय. बर्फ नाही, घोडे नाहीत, पण वेडेपणा तोच. आणि तो लोणी स्टेशनच्या पुढं दहा-बारा किलोमीटरवर, उरुळी कांचनला.

मणिभाई देसाईंचं नाव इथल्या प्रत्येकानं ऐकलं आहे, पण आपल्या मुलांनी ऐकलंय का, याची मला शंका आहे. म्हणून थोडक्यात सांगतो. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळीला आले, आठवडाभर राहिले, रोगी तपासले. निसर्गोपचाराचं काम आधी पुण्यात, डॉ. दिनशा मेहतांच्या दवाखान्यात करायचं चाललं होतं; पण गरिबांसाठी करायचं तर खेड्यात केलं पाहिजे, म्हणून उरुळी. महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली. गांधीजी गेले आणि मागे राहिले मणिभाई. सुरत जिल्ह्यातला मुलगा, वय सव्वीसच्या आत, भौतिकशास्त्राचा पदवीधर, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला. गाईगुरांचं शास्त्र काही शिकलेला नव्हता. उरुळीतच आयुष्य काढीन म्हणाला आणि १९९३ मध्ये जाईपर्यंत तिथंच राहिला.

आश्रमातल्या रोग्यांना दूध पाहिजे, म्हणून त्यांनी गाई धरल्या. सौराष्ट्रातून गीर आणल्या. जमीन खडकाळ, चारा नाही. तो चारा पिकवण्यापासून सुरुवात. द्राक्षं, पाणी, शाळा, साखर कारखाना अशी त्यांनी बरीच कामं केली, ती सांगायला दुसरा वक्ता बोलवा. मला गाईचंच सांगायचं आहे. गीर गाय चांगलीच, पण शेतकऱ्याच्या गोठ्यात ती पोचणार कशी आणि किती? तेव्हा त्यांनी विचार फिरवला. गाय शेतकऱ्याचीच राहू द्या, बदल वासरात करा. होल्स्टिन किंवा जर्सी वळूचं रेत, आणि तेही वळू न आणता. १९६७ मध्ये भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपलं ‘बाएफ’, सुरू झालं, राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन त्यासाठी उरुळीला आले होते. पुढं १९८२ मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे झालं पुस्तकातलं. आता आमच्या गोठ्यातलं.

बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. सुकडी आठवत असेल. आमची बैलजोडी त्यात गेली. मेली नाही, विकली, ते जास्त वाईट. आण्णांनी दावी सोडून दिली आणि बाजारातून परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. राहिली एकटी हरणी, खिल्लार गाय. पांढरीशुभ्र, शिंगं मागे गेलेली, माणसाला जवळ येऊ द्यायची नाही. दूध दोन वेळचं मिळून दोन लिटर. खिल्लार दुधासाठी नसतेच, ती बैलासाठी.

त्र्याहत्तरच्या शेवटी हरणी माजावर आली आणि आण्णा सायकलवर उरुळीला गेले. दुपारी फटफटीवर एक माणूस आला. मागे पत्र्याच्या दुधाच्या कॅनसारखं एक भांडं. झाकण काढल्यावर त्यातून पांढरा धूर आला. आम्ही पोरं पळालो. आत द्रवरूप नत्र असतं, उणे १९६ अंशांचं, हे मला पुढं नोकरीत कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की बुडबुड्यांच्या धुरात एक बारीक कांडी आहे आणि तिच्यात विलायती वळू आहे. त्यानं कांडी कोमट पाण्यात धरली, हातात लांब मोजा चढवला. पुढचं सांगत नाही, जेवण बाकी आहे.

आमचे आबा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “वशिंड नसलेल्या जनावराच्या मानेवर जू ठेवणार कुठं?”

नऊ महिने नऊ दिवसांनी हरणी व्यायली, आणि झाला गोऱ्हा. काळा, सपाट पाठीचा. आबांचा प्रश्न घरात उभा राहिला. सगळी आळी बघायला आली. कोणी म्हणालं रेडा, कोणी म्हणालं गाढव. एकानं म्हटलं, गावाचं नाव राखलं, लोणी काळभोरचं काळंभोर! आण्णा हसले नाहीत. त्या गोऱ्ह्याला पुढं औताला धरलाही. सकाळी चालायचा, ऊन वाढलं की जीभ बाहेर काढून उभा राहायचा. संकरित गाईचे गोडवे मी नोकरीत खूप गायलो, पण आबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नांगर गेला, ट्रॅक्टर आला, तेव्हा तो प्रश्न सुटला असं आपण म्हणतो. खरं म्हणजे गोऱ्ह्यांचं काय होतं हे आपण विचारायचं सोडलं.

आण्णांनी पुन्हा कांडी भरली. या वेळी कालवड झाली. कपाळावर पांढरा चंद्र, म्हणून चांदी. घरात घास नाही आला तरी चांदीला घास, म्हणजे लसूणघास, मिळायचा. आईनं स्वतःच्या पाटल्या मोडून सरकीची पेंड आणली, हे मला आई गेल्यावर मावशीकडून कळलं. अठ्ठ्याहत्तरच्या शेवटी चांदी व्यायली. पहिल्या वेताला दिवसाला दहा लिटर. आण्णा धार काढताना मोजत नव्हते, नुसते चरवी बदलत होते.

आबा ते दूध प्यायचे नाहीत. खरवसही खाल्ला नाही. पण पुढच्या ज्येष्ठात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम लोणीत पडला, तेव्हा संध्याकाळचं सगळं दूध घेऊन ते स्वतः एका दिंडीच्या चहाला गेले. परत आले आणि आईला म्हणाले, “मला पण टाक घोटभर.”

आता माझ्यावर येतो. सकाळचं दूध सहा लिटर. ते किटलीतून सायकलवर वाटायचं काम माझं, नववीपासून. स्टेशनकडची चार घरं, बाजारातलं एक हॉटेल, आणि सगळ्यात शेवटी आपल्या विज्ञानाच्या सरांचं घर. सरांना रोज एक लिटर. त्यामुळे मी रोज पहिल्या तासाला उशिरा यायचो आणि दाराबाहेर उभा राहायचो. तुम्हाला वाटायचं मी उनाडतो. मी कोणाला सांगितलं नाही, कारण दूध घालणारा म्हणवून घ्यायची लाज वाटायची. तेव्हा तसलीच अक्कल होती.

त्या काळात संकरित गाईच्या दुधाविषयी काय बोलायचे आठवा. ‘जर्सीचं दूध म्हणजे पाणी.’ गाय कुठलीही असो, काळीपांढरी होल्स्टिन असली तरी लोकांच्या तोंडी जर्सीच. स्निग्धांश कमी असतो हे खरं आहे, म्हशीची सवय झालेल्या जिभेला ते पातळ लागणारच. आण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, पातळ आहे, पण पाणी नाही. शंका आली तर दूध परत करा. एवढ्या एका शब्दावर आमची चार घरं आणि एक हॉटेल टिकून होतं.

दहावीचं वर्ष. थंडीचे दिवस. कालव्याच्या बांधावर माझ्या सायकलची साखळी पडली, सायकल कलंडली आणि किटलीचं झाकण उडालं. सव्वा लिटर तरी गेलं असेल. मी इकडंतिकडं बघितलं. कोणी नव्हतं. खाली उतरून किटलीत कालव्याचं पाणी भरलं, झाकण लावलं, आणि सगळीकडं नेहमीप्रमाणे माप घातलं.

त्याच दिवशी तिसऱ्या तासाला सर वर्गात आले ते हातात पितळी तांब्या घेऊन. तुम्हाला आठवतो का तो तास? घनता. टेबलावर उंच काचपात्र आणि लॅक्टोमीटर. आधी पाण्यात सोडला, तो शून्यापर्यंत बुडाला. मग सर म्हणाले, आता दूध, शुद्ध गाईचं असेल तर अठ्ठावीस ते तीसच्या आसपास दिसेल. आणि तांब्यातलं दूध ओतलं. ते चांदीचं दूध होतं.

लॅक्टोमीटर बावीसला थांबला.

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “सर, पाणी आहे!” (तू इथं बसला आहेस, नाव घेत नाही.) वर्ग हसला. मी टेबलाकडं बघत नव्हतो, खिडकीबाहेर बघत होतो. आण्णांचा शब्द, हरणी, तो धूर निघणारा डबा, आईच्या पाटल्या मला तेव्हा माहीत नव्हत्या, पण बाकी सगळं त्या एका आकड्यावर आलं होतं. सरांनी माझं नाव घेतलं असतं तर दुपारपर्यंत स्टेशनवर बातमी गेली असती, आणि संध्याकाळपर्यंत सगळं गाव म्हणालं असतं, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का.

सर आकड्याकडं बघत राहिले. मग लॅक्टोमीटर काढला, रुमालानं पुसला आणि म्हणाले, “तपमान. हे यंत्र ठरावीक तपमानालाच खरं सांगतं. फरक आला की दुरुस्ती करावी लागते.” आणि फळ्यावर दुरुस्तीचं गणित लिहिलं. ते गणित मार्चच्या परीक्षेत आलं नाही, तरी मला अजून येतं.

तास संपल्यावर दारात मला थांबवलं. मला वाटलं, आता. म्हणाले, “उद्या दूध आणशील ना?” मी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून मला पहिल्या तासाला उशिरा आलो तरी वर्गात बसू देऊ लागले. मी आण्णांना काही सांगितलं नाही. दहावी झाली, पशुधनाचा अभ्यासक्रम केला, खात्यात लागलो, तरी नाही. आण्णा गेले २००४ मध्ये. त्यांना सांगायचं राहिलंच.

नोकरीत हजारो कांड्या भरल्या. सातपुड्यात, घाटमाथ्यावर, जिथं फटफटी जाईना तिथं नत्राचं भांडं काठीला बांधून दोघांनी खांद्यावर नेलं. लोक विचारायचे, दूध पातळ असेल ना? मी सांगायचो, पातळ असेल, पाणी नसेल. प्रत्येक वेळी मला कालव्याचा बांध दिसायचा.

आज आमच्या गोठ्याच्या जागेवर भावानं चार मजले बांधलेत. आसपास सगळे प्लॉट पडलेत. खिल्लार बघायची तर शर्यतीच्या मैदानावर नाहीतर सांगोल्याकडं जावं लागतं. मी एक गाय ठेवली आहे, मळ्याच्या उरलेल्या तुकड्यात. चांदीची कितवी पिढी ते मोजायचं आता सोडलं.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. कानाला यंत्र आहे, म्हणून मोठ्यानं सांगतो. ते तपमान नव्हतं. ते कालव्याचं पाणी होतं. तुम्हाला माहीत होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मागच्या दाराशी एक किटली ठेवली आहे, आज सकाळची धार आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तो लॅक्टोमीटर अजून असेल तर मुख्याध्यापकांनी मागवावा. नसेल तर सरांनी तसंच घरी न्यावं. लिटरभर आहे, गाईचंच.