रानवाट सर्वांची



रक्तदाबाच्या रुग्णांस आम्ही डॉक्टर मंडळी मोकळ्या हवेत चालण्याचा सल्ला देतो. परंतु अमेरिकेत मोकळी हवाही सर्वांना मोकळी नव्हती. व्हर्जिनियातील शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन येथे कृष्णवर्णीयांच्या मुक्कामाची व भोजनाची निराळी सोय केली गेली. चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्या आपणांस हा भेद समजावून सांगावा लागत नाही. १९५० पर्यंत तो तेथून संपुष्टात आला. तथापि फलक उतरला म्हणजे मनातील भीतीही उतरते असे नाही. दिवसभराच्या रानवाटेवर निघताना अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना संशयी नजरांची धास्ती आजही वाटते. म्हणून त्या वाटेवर भेटणाऱ्या प्रत्येकास आपण आधी अभिवादन करू या. चालण्याचे औषध निर्भय मनालाच लागू पडते.