डावखुऱ्याची बंदूक



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. ज्या जिल्ह्यांत सेवाग्राम आहे, त्या वर्धा जिल्ह्यांतील एका वृद्ध शिक्षकानें बंदुकीवर बोलावें, हें वरवर पाहतां विसंगत दिसतें. परंतु हा विषय मीं शोधून काढलेला नाहीं. तो वावरांतून माझ्याकडे चालत आला. सेलू तालुक्यांतील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, आजोबा गेले, त्यांची ठासणीची बंदूक ठाण्यांत जमा आहे. ती माझ्या नांवावर करून घ्यावी म्हणतों. पण मी पडलों डावखुरा. ती मला चालेल, कीं थोड्या पैशांत दुसरी पाहावी?" हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं. दहा माणसांत सुमारें एक डावखुरा असतो. आणि बंदुका मात्र बहुतेक सर्व उजव्या हाताच्या माणसासाठीं घडविलेल्या असतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतों. हौसेची शिकार आपल्या देशांत आतां राहिलेली नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं ती आतां बंद आहे. आपल्या जिल्ह्यांतील बोर अभयारण्य तर २०१४ सालापासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेव्हां शिकारीसाठीं स्वस्त रायफल कोणती, हा प्रश्नच आपल्यापुढें नाहीं. आपल्यापुढें आहे तो पिकाच्या राखणीचा. रानडुकरांचा कळप एका रात्रींत हरभऱ्याचें वावर उकरून टाकतो. रोही, म्हणजे नीलगाय, तुरीचे शेंडे खुडून जातात. रात्रभर जागल करणाऱ्या शेतकऱ्याचें दुःख, जो सकाळीं धुऱ्यावर उभा राहून तें उजाड वावर पाहतो, त्यालाच कळतें. स्वतः गांधीजींनीं १९४६ सालीं 'हरिजन' पत्रांत पिकें फस्त करणाऱ्या वानरांविषयीं लिहितांना, देशांत अन्नटंचाई असतां अहिंसेच्या नांवाखालीं पीक जनावरांना खाऊं द्यावें, हें आपल्याला मान्य नसल्याचें स्पष्ट सांगितलें होतें.

तरीहि बंदूक हातीं आली म्हणून जनावर मारण्याची मुभा मिळाली, असें कोणी समजूं नये. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या जनावरास मारावयाचें तर त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना ही वेगळी बाब असून ती १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं येते. या कायद्याच्या तेराव्या कलमांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा नांवानिशीं उल्लेख आहे. पण तेथेंच पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, ठासणीची बंदूक त्या कामीं पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर त्यास दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाहि परवाना देतां येतो. डावखुऱ्या शेतकऱ्यानें हें वाक्य नीट ध्यानांत ठेवावें. तें कां, हें आतां सांगतों.

उजव्या हाताचा मनुष्य बंदूक उजव्या खांद्यास लावतो व उजवा गाल दस्त्यावर टेकतो. त्यामुळें त्याचा चेहरा बंदुकीच्या डाव्या अंगास येतो. कारागिरानें हें ओळखूनच घोडा, टोपी, कडी, रिकामें काडतूस बाहेर पडण्याचें तोंड, सारें उजव्या अंगास ठेवलें. म्हणजे धूर, ठिणगी आणि तापलेली पितळ चेहऱ्यापासून दूर राहते. डावखुऱ्याचें नेमकें याच्या उलट होतें. तो बंदूक डाव्या खांद्यास लावतो आणि त्याचा चेहरा उजव्या अंगास येतो. म्हणजे जेथें ठिणगी उडावयाची तेथेंच त्याचा डोळा!

या दृष्टीनें पाहतां ठासणीची बंदूक डावखुऱ्यास सर्वांत वाईट. तिची टोपी उजव्या बाजूस फुटते, तिचे बारीक तुकडे व दारूची जळती धग बाहेर येते, आणि तीं डोळ्यापासून वीतभर अंतरावर असतात. किंमत कमी, कायद्याची संमति सोपी, म्हणून ती घ्यावीशी वाटते. पण स्वस्तांत मिळालेली बंदूक डोळ्याच्या मोलानें महाग पडते. आजोबा उजवे होते, त्यांना ती चालली. नातू डावखुरा असेल, तर त्यानें ती वारशाच्या अभिमानानें खांद्यास लावूं नये.

दुसरी येते रायफल. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची रायफल आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे. तो कारखाना २०२१ सालापासून एका नव्या सरकारी कंपनीखालीं आला आहे. या रायफलीची कडी उजव्या अंगास असते. प्रत्येक बारानंतर ती उचलून मागें ओढावी व पुढें लोटावी लागते. डावखुऱ्यास त्यासाठीं एक तर चापावरचा हात सोडून नळीवरून पलीकडे न्यावा लागतो, नाहीं तर खालचा उजवा हात काढावा लागतो. रायफल पोत्यावर टेकलेली असेल तर उजव्या हातानें कडी चालविणें कठीण नाहीं. उभ्यानें मात्र नेम मोडतो. परदेशांत डाव्या कडीच्या रायफली निघतात, परंतु त्या आपल्या साध्या शेतकऱ्याच्या आवांक्यांतल्या नव्हेत. शिवाय .३१५ ची गोळी मैलाहून अधिक लांब जाते. आपल्या सपाट, वस्तीनें वेढलेल्या वावरांत, शेजारच्या धुऱ्यावर दुसरा जागल्या बसलेला असतां, ती अंधारांत सोडणें धोक्याचें होय. आणि मघाशीं सांगितलेलें पीकरक्षणाचें कलम गुळगुळीत नळीपुरतें आहे. रायफलीस तें लागूं पडत नाहीं.

तिसरी बंदूक पंपाची, जिचा पुढचा भाग मागेंपुढें सरकवून काडतूस भरतात. बारा बोअरची अशी बंदूक तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत बनत आली आहे. हिच्या उजव्या अंगांतून रिकामें काडतूस उडतें, तें डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जातें. इजा क्वचितच होते. पण डोळा मिटतो, आणि डोळा मिटला कीं नेम गेला.

राहिली मध्यें मोडणारी बारा बोअरची बंदूक, एकनळी वा दुनळी. ही बिजागरीवर उघडते, काडतूस मागून सरळ घालतात व सरळच काढतात; चेहऱ्याकडे कांहीं उडत नाहीं. घोडे आंत असलेल्या बंदुकीची कळ बहुधा मानेवर मधोमध असते, ती कोणत्याहि अंगठ्यानें सरकते. उघडण्याची वरची पट्टी तेवढी उजवीकडे लोटावी लागते. तें थोड्या सवयीनें जमतें. कमींत कमी खर्चाचा विचार केला तर एकनळी घ्यावी. दोन पैसे अधिक असतील तर जुनी पण निकोप दुनळी, परवानाधारक विक्रेत्याकडून, कागदपत्रें पाहून घ्यावी. नळी उजेडाकडे धरून आंतून खड्डे वा पोचे आहेत का तें बघावें. बंद केल्यावर बिजागरी हलते का तें हातानें चाचपावें. सैल बिजागरीची बंदूक फुकट मिळाली तरी नको.

एक बारकावा येथें सांगितला पाहिजे. कांहीं चांगल्या दुनळींचा दस्ता उजव्या हाताच्या माणसासाठीं किंचित् उजवीकडे वळविलेला असतो. डावखुऱ्यानें ती खांद्यास लावली तर नळी डोळ्याच्या रेषेंत येत नाहीं व छर्रे बाजूस जातात. दस्ता अगदीं सरळ असेल तर अडचण नाहीं. परीक्षा सोपी आहे: बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी, नळी निर्धोक दिशेस ठेवावी, डोळे मिटून ती खांद्यास लावावी, आणि डोळे उघडतांच पुढची माशी नळीच्या मधोमध दिसते का तें पाहावें. वळलेला दस्ता जाणता कारागीर सुधारूंहि शकतो.

हें सारें झालें. परंतु बंदूक पाहण्याच्या आधीं डोळा पाहावा. हाताप्रमाणें डोळ्यांतहि एक वरचढ असतो, आणि हात डावा म्हणून डोळाहि डावाच असेल असें नाहीं. दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्यामध्यें लहानशी फट ठेवावी व तींतून दूरचा देवळाचा कळस पाहावा. मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असतां कळस फटींतच राहतो, तो आपला नेमाचा डोळा. डावखुऱ्याचा नेमाचा डोळा उजवा निघाला, तर त्यानें नव्यानें शिकतांना उजव्या खांद्यानेंच शिकावें. मग कोणतीहि बंदूक त्यास चालेल, आणि खर्चाचा प्रश्नहि सुटेल. पण डोळाहि डावा असेल, तर केवळ लोक उजवीकडून चालवितात म्हणून त्यास उजवीकडे वळवूं नये.

आम्हां शिक्षकांच्या जुन्या पिढीनें डाव्या हातीं लेखणी धरणाऱ्या मुलांच्या बोटांवर छडी मारलेली पुष्कळांनीं पाहिली आहे. डावा हात अशुभ, हा समज त्यामागें होता. वस्तुतः हात शुभ कीं अशुभ, हें तो काय करतो यावर ठरतें. १९०९ सालीं इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परततांना गांधीजींनीं बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिलें, तेव्हां उजवा हात थकला म्हणजे ते डाव्या हातानें लिहीत. लेखणीच्या बाबतींत छडीनें अक्षर बिघडतें. बंदुकीच्या बाबतींत हट्टानें माणूस बिघडतो. ज्याचा नेम त्याच्या शरीराला न मानणाऱ्या बाजूनें धरलेला आहे, त्याचा बार कोठें जाईल याचा भरंवसा नाहीं. आणि जखमी रानडुकरासारखें भयंकर जनावर दुसरें नाहीं.

ज्या डावखुऱ्या तरुणांस नेमबाजीची आवड आहे, त्यांनीं रायफल क्लबाची वाट धरावी. सभासदांना सरावासाठीं .२२ बोअरच्या रायफलीचा परवाना मिळण्याची सोय कायद्यांतच आहे, आणि स्पर्धेच्या रायफली डाव्या हाताच्याहि निघतात. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्यांत कोणाही प्राण्याचा जीव गेला नाहीं.

शेतकरी बांधवांस माझें सांगणें थोडक्यांत असें: प्रथम डोळा पाहा, मग खांदा ठरवा, मग बंदूक निवडा, आणि किंमत सर्वांत शेवटीं विचारा. अर्जांत आपण डावखुरे आहोंत व ठासणीची बंदूक आपणांस कां धोक्याची आहे, हें स्पष्ट लिहा; लाजूं नका. परवाना हातीं येईपर्यंत आजोबांची बंदूक ठाण्यांतच राहूं द्या. आणि बंदूक घरीं आल्यावर ती दारूगोळ्यापासून वेगळी, कुलुपांत ठेवा. कारण घरांतल्या लहान मुलाचा हात डावा असो वा उजवा, तो चापापर्यंत पोंचतां कामा नये.