स्वस्त तिकीट आणि जुन्या विमान कंपन्या
(वाणिज्य मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आखातात नोकरीस आहे. ईदला घरी यायचे की नाही, हे कित्येकदा विमानाच्या भाड्यावरच ठरते. तेव्हा कमी भाड्याची नवी कंपनी निघाली म्हणजे जुन्या कंपन्या काय करतात, हा प्रश्न केवळ वाणिज्य शाखेचा नाही. यासाठी मी लंडन-न्यूयॉर्क मार्गाचे उदाहरण घेतो. तेथे हा सारा डाव आरंभापासून शेवटपर्यंत दिसतो.

फ्रेडी लेकर या इंग्रज उद्योजकाने १९७१ साली ‘स्कायट्रेन’साठी परवानगी मागितली. आगाऊ आरक्षण नाही, जेवणाचे पैसे वेगळे, तिकीट त्याच दिवशी रांगेत उभे राहून घ्यायचे. आपली एस.टी.च म्हणा ना! जुन्या कंपन्यांनी पहिली लढाई दिली ती बाजारात नव्हे, परवाना देणाऱ्यांपुढे. मिळालेली परवानगी पुढे १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारनेच अडवली. लेकर न्यायालयात गेले, जिंकले, आणि २६ सप्टेंबर १९७७ रोजी पहिले विमान उडाले. एकेरी भाडे ५९ पौंड.

आता दुसरी लढाई. विमान एकदा उडाले की रिकामी खुर्ची विकता येत नाही. तिच्यावर जे मिळेल ते मिळाले. म्हणून पॅन ॲम, टी.डब्ल्यू.ए., ब्रिटिश एअरवेज यांनी ऐनवेळी येणाऱ्यांसाठी थोड्या खुर्च्या स्वस्त केल्या. बाकीचे प्रवासी पूर्वीचेच भाडे देत राहिले. १९८१ च्या अखेरीस पॅन ॲमने याहून मोठा घाव घातला. नेहमीच्या साध्या वर्गाचे भाडेच लेकरच्या पातळीवर आणले, इतरही मागोमाग आले. त्याच पैशात आरक्षण आणि जेवण मिळत असेल तर रांगेत कोण उभे राहणार? या मार्गावरचा तोटा मोठ्या कंपन्या इतर मार्गांच्या मिळकतीतून काही काळ तरी सोसू शकत होत्या. लेकरला ती सोय फारच थोडी होती.

मात्र सगळा दोष जुन्यांचा, असे मी म्हणणार नाही. लेकरने विमानांसाठी डॉलरमध्ये मोठी कर्जे काढली होती, आणि पौंड घसरला. उत्पन्न बरेचसे पौंडात, हप्ता डॉलरमध्ये! ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बुडाली. त्यानंतर काही आठवड्यांतच या मार्गावरील भाडी वाढली.

जुन्या कंपन्यांनी संगनमत केल्याचा दावा अमेरिकेच्या न्यायालयात गेला. १९८५ साली तडजोड होऊन त्यांनी पैसे भरले, पण तोवर लेकरची विमाने विकली गेली होती.

१९८४ साली रिचर्ड ब्रॅन्सन यांची व्हर्जिन अटलांटिक त्याच गॅटविक विमानतळावरून अमेरिकेस निघाली. त्यांनी लेकरचा सल्ला घेतला होता, आणि स्वस्त खुर्च्यांबरोबर महागडा वर्गही ठेवला. ब्रिटिश एअरवेजशी त्यांचेही भांडण झालेच. १९९३ च्या जानेवारीत मात्र जुन्या कंपनीला न्यायालयात माफी मागून भरपाई द्यावी लागली.