नादलहरी आणि हळदीचा अर्क

सांगली-हरिपूरच्या भूमिगत पेवांत पिढ्यान्‌पिढ्या साठविल्या गेलेल्या हळदीचे मोल ज्या पिवळ्या द्रव्यामुळे वाढते, ते कर्क्युमिन फोगेल आणि पेल्तिये या रसायनज्ञांनी १८१५ साली वेगळे केले. परंतु पाण्यात ते जवळजवळ विरघळत नसल्यामुळे, आणि पेशींच्या चिवट भित्तिकांआड कोंडलेले असल्यामुळे, हळदीची पूड मद्यार्कात तासन्‌तास भिजवून वा तापवूनच ते हस्तगत करावे लागे.

या कामी आता कानास ऐकू न येणारा ध्वनी रुजू झाला आहे. पूड कालविलेल्या मद्यार्कात टायटेनियमची कांडी सेकंदाला सुमारे २०,००० वेळा कंप पावू लागली, की द्रवात असंख्य सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात, क्षणार्धात फुगतात आणि एकाएकी मिटतात. आणि एखाद्या कणालगत मिटणारा बुडबुडा तर द्रवाची सुईसारखी धार त्या कणावर सोडून पेशीभित्तिकेस भगदाड पाडतो, ज्यातून मद्यार्क आत शिरतो व रंगद्रव्य बाहेर येते. जहाजांच्या पंख्यांची झीज करणाऱ्या अशाच बुडबुड्यांचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले होते. विध्वंसक म्हणून ज्ञात झालेली शक्ती औषधिनिर्मितीच्या चाकरीत यावी, हे मला विलक्षण वाटते.

तासांचे काम यामुळे मिनिटांवर येते. मात्र ध्वनीची मात्रा बेसुमार वाढविल्यास द्रव तापून खुद्द कर्क्युमिनच विघटित होऊ लागते, शिवाय मद्यार्क ज्वालाग्राही. म्हणून भांड्याभोवती थंड पाणी अखंड खेळते ठेवण्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो.